कड्यावरून उतरणारा पूर्वेचा वारा

बेळगाव-खानापूर भागात वाऱ्याची काळजी करायची ती जून-जुलैत, असं आपण धरून चालतो. पश्चिमेचा वारा कौलं उचलतो, झाडं पाडतो, म्हणून गोठ्याची आडोशाची भिंत, बांधावरची झाडं, गंजीची जागा हे सगळं पश्चिम डोळ्यांपुढं ठेवून ठरलेलं असतं. डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत पूर्वेकडून जो कोरडा वारा वाहतो त्याच्याकडं फारसं कुणी बघत नाही, कारण बेळगाव शहरात तो त्रासाचा वाटतच नाही. तोच वारा जांबोटीच्या पुढं, कणकुंबी-पारवाड-चोर्ला पट्ट्यात सह्याद्रीच्या कड्यावरून खाली गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात उतरतो तेव्हा त्याचा स्वभाव बदललेला असतो. घाटमाथ्यावर ज्यांची जमीन, काजू किंवा पिंजराची (भाताच्या पेंढ्याची) गंजी आहे त्यांना या वाऱ्याची रीत कळलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. जानेवारी ते एप्रिलमधल्या वणव्यांचा निम्मा हिशोब या वाऱ्यात आहे.

आधी भूगोल. सांबरा विमानतळ समुद्रसपाटीपासून ७५८ मीटरवर आहे. मलप्रभेचा उगम जिथं आहे ते कणकुंबी ७९२ मीटरवर. म्हणजे बेळगावहून कड्यापर्यंत जाताना जमीन जेमतेम चढते. कड्यानंतर मात्र काही किलोमीटरांत सातशे मीटरांची घसरण आहे. दक्षिणेला कॅसलरॉक ते कुळे हा रेल्वेचा घाट बघा: २६ किलोमीटरांचा मार्ग आणि ३७ला १ असा उतार. रुळांना एवढी वळणं घ्यावी लागली, कारण डोंगराची पश्चिम बाजू भिंतीसारखी उभी आहे. पूर्वेकडून येणाऱ्या वाऱ्याच्या दृष्टीनं सह्याद्री हा चढायचा डोंगर नाहीच, एकदम संपणारं पठार आहे. चढाची बाजू सौम्य आणि उताराची बाजू उभी, असा डोंगर उताराच्या बाजूला वारा जोरात खाली ओढतो. डोंगरी वाऱ्यांच्या अभ्यासात ही गोष्ट पक्की झालेली आहे.

हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर हवेचा दाब जास्त असतो. उत्तरेत पाऊस-बर्फ देऊन एखादा पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी पावसाची प्रणाली) पुढं सरकला की त्याच्यामागं हा दाब आणखी वाढतो, आणि दख्खनवरचा पूर्व-ईशान्य वारा दोन-चार दिवस जोर धरतो. बेळगावात आपण त्याला थंडी वाढली म्हणतो. ही थंड, जड हवा पठारावरून पश्चिमेला सरकत कड्यापाशी पोचते.

आता हिशोब. कोरडी हवा खाली उतरली की वरच्या हवेच्या दाबानं ती आकुंचन पावते आणि तापते: दर १०० मीटरला जवळपास १ अंश, नेमकं सांगायचं तर किलोमीटरला ९.८ अंश. सातशे मीटर उतरली की सात अंश. तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण तापमान वाढल्यामुळं सापेक्ष आर्द्रता कोसळते. पहाटे पठारावर १४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा पायथ्याशी २१ अंश आणि ५० टक्क्यांच्या आसपास येते. गोव्यात जानेवारीच्या पहाटे तापमान तसंही विशीच्या घरात असतं, म्हणून खाली कुणाला वेगळं काही जाणवत नाही. दुपारचा हिशोब मात्र बोलका आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस पठारावर ३० अंश आणि २५ टक्के असेल, तर पायथ्याशी ३७ अंश आणि १८ टक्क्यांच्या आसपास. किनारपट्टीवर ३७ अंश हा हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा उंबरठा आहे (शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असावं लागतं). फेब्रुवारीतच कोकण-गोव्याला उष्णतेच्या लाटेचे इशारे कसे मिळतात, याचं मोठं कारण हा उतरता पूर्वेचा वारा. तो जोरात असला की समुद्रावरून येणारा खारा वारा अडून राहतो. एरवी दुपारी बाराच्या आत सुटणारा खारा वारा दोन-तीन वाजेपर्यंत जमिनीवर शिरत नाही, आणि तेवढ्या वेळात पारा चढतो.

उतरता वारा गरम का होतो, हे कोडं सुटायला युरोपात बराच काळ गेला. आल्प्समध्ये असा गरम वारा उतरतो, त्याला ‘फोन’ (Föhn) म्हणतात. तो सहारा वाळवंटातून येतो असं लोक मानत. हवा उतरताना स्वतःच तापते हे ऑस्ट्रियाच्या युलिउस हान यांनी १८६६ साली मांडलं. स्वित्झर्लंडमधलं ग्लारुस गाव त्याआधी पाचच वर्षं, मे १८६१ मध्ये, अशाच वाऱ्यात लागलेल्या आगीत मोठ्या प्रमाणावर जळालं होतं. तिथल्या दऱ्यांतल्या गावांत फोन सुटला की रात्रीची गस्त घालायची आणि उघड्यावर आग पेटवायची नाही, असे नियमच होते.

अमेरिकेत रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याला या वाऱ्याला चिनूक म्हणतात. साउथ डकोटातल्या स्पिअरफिश गावात २२ जानेवारी १९४३ रोजी सकाळी दोन मिनिटांत तापमान उणे २० वरून ७ अंशांवर गेलं. कोलोरॅडोतल्या बोल्डर शहराच्या डोक्यावरच्या प्रयोगशाळेत १७ जानेवारी १९८२ रोजी वाऱ्याचा झोत ताशी २२० किलोमीटर नोंदला गेला. आपल्याकडं असं काही होत नाही आणि होणारही नाही. तिथं पर्वताचा माथा चार हजार मीटरांच्या घरात आणि शहर सोळाशे मीटरांवर, वर हिवाळ्यातले पश्चिमी वारे प्रचंड वेगाचे. आपला कडा सातशे मीटरांचा आणि वरचा वारा त्यामानानं सौम्य. पण यंत्रणा तीच आहे, आणि कोरडेपणा तर आपल्याकडं चार महिने सलग असतो.

वारा उतरताना वेग का घेतो? कड्याच्या थोडं वर, पाचशे-हजार मीटरांवर, हवेचा एक उबदार थर झाकणासारखा बसलेला असेल तर खालच्या थंड हवेला वर पसरायला जागा राहत नाही. मग ती बंधाऱ्यावरून ओसंडणाऱ्या पाण्यासारखी वागते: माथ्यावर थर जाड आणि संथ, उतारावर पातळ आणि वेगवान, आणि तळाशी पोचली की उसळी मारून पुन्हा जाड व संथ. म्हणून सर्वांत जोराचा वारा कड्याच्या टोकाला नसतो, त्याच्या खालच्या अर्ध्या उतारावर असतो. उसळीच्या जागी वारा गोल फिरतो, दिशा धरत नाही. उतारावरच्या वाडीत झाडं हलताहेत आणि दोन किलोमीटर पुढच्या सपाटीवर पानही हलत नाही, हा अनुभव यातूनच येतो.

घाटाच्या खिंडी आणि ओढ्यांच्या घळी वारा आणखी गोळा करतात. दक्षिणेत पालक्काडच्या खिंडीतून डिसेंबर-जानेवारीत जो पूर्वेचा वारा सुटतो तो याच जातीचा, फक्त तिथं खिंड रुंद आणि सखल असल्यामुळं तो पुष्कळ दूरवर जाणवतो.

कुठल्या वेळी, आणि आधी कसं ओळखायचं

इथं बेळगावच्या माणसाची हमखास फसगत होते. आपल्या अनुभवात वारा दुपारी असतो आणि रात्री पडतो. पठारावर हे खरं आहे. सूर्य मावळला की जमीन थंड होते, जमिनीलगतची हवा जड होऊन बसते आणि वरच्या वाऱ्याशी तिचा संबंध तुटतो. खाली शांत, गवतावर दव. पण दोन-तीनशे मीटर वर तोच वारा घर्षण सुटल्यामुळं रात्री उलट वेग घेतो. पठार जिथं संपतं तिथं हा वरचा वारा उघडा पडतो. म्हणून बेळगावजवळच्या येळ्ळूरला रात्री चुलीचा धूर सरळ वर जातो, आणि त्याच वेळी चोर्ल्याच्या कड्यावर झाडं रात्रभर घोंगावत असतात. सकाळी नऊ-साडेनऊला ऊन तापलं की पठारावरचा जड थर मोडतो, वरचा वेग खाली उतरतो, आणि बेळगावात अर्ध्या तासात वारा सुटतो. रिकाम्या झालेल्या शिवारात धुळीची पहिली वावटळ दिसली की समजावं, थर मोडला.

मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये नुसता जमिनीवरचा वारा बघून भागत नाही. बहुतेक चांगल्या ॲपमध्ये उंचीनुसार वारा दाखवायची सोय असते. तिथं थर हवेच्या दाबावरून, हेक्टोपास्कलमध्ये, सांगतात. ९२५ हेक्टोपास्कलचा थर साधारण ८०० मीटरवर असतो, म्हणजे आपल्या पठाराच्या अंगाला लागून. ८५० हेक्टोपास्कलचा १५०० मीटरवर, म्हणजे कड्याच्या सातशे मीटर वर. माझा ठोकताळा असा: ९२५ला रात्री वारा पूर्व ते ईशान्य आणि ताशी ३० किलोमीटरच्या वर, ८५०ला दिशा तीच पण वेग तेवढाच किंवा कमी, असं दिसलं तर पुढचे बारा तास उतारावर जोराचा वारा धरून चालावं. ८५०ला वारा पश्चिमेचा झालेला असेल तर पूर्वेचा थर पातळ आहे. अशा वेळी जोर कमी दिसला तरी झोत कडक आणि तुटक येतात.

विमानतळांचे हवामान-संदेशही उपयोगी पडतात. सांबऱ्याचा संकेत व्हीओबीएम, दाबोळीचा व्हीओजीओ. वाऱ्याचा आकडा पाच अंकी असतो: पहिले तीन दिशा, पुढचे दोन वेग नॉटमध्ये. ०८०१४ म्हणजे ८० अंशांवरून, जवळपास पूर्वेकडून, १४ नॉट, १.८५ने गुणलं की ताशी २६ किलोमीटर. दाबोळीला दुपारी एक वाजताही दिशा ०६० ते १२० अशी दिसत असेल तर खारा वारा अजून अडलेला आहे. त्या दिवशी घाटाच्या दोन्ही बाजूंना आगीची जोखीम सर्वांत जास्त.

उपकरणांशिवायच्या खुणा विश्वासाच्या आहेत. पहाटे कड्याजवळच्या गवतावर दव नसणं ही सर्वांत पक्की. दव पडायला हवा शांत आणि ओलसर लागते. उतरता वारा दोन्ही मोडतो. डोंगराच्या मधल्या उतारावर रात्री तसाही उबदार पट्टा असतो, कारण थंड हवा दरीच्या तळाशी साचते. त्यात हा वारा मिसळला की मधल्या उतारावरचं गवत रात्रीतही ओल धरत नाही. वेगासाठी झाडं बघावीत: लहान फांद्या हलतात तेव्हा ताशी २०-२८, लहान झाडं अख्खी डुलतात तेव्हा ३०-३८, मोठी झाडं बुंध्यापासून हलताहेत आणि वाऱ्याविरुद्ध चालणं जड जातंय तर ५० ते ६०.

ड्रोन उडवणाऱ्यांसाठी एवढंच: चोर्ल्याच्या कड्यावरून पूर्वेच्या वाऱ्यात ड्रोन पश्चिमेला दरीवर नेऊ नका. तिथं हवा खाली जात असते, आणि परतीचा सगळा प्रवास समोरच्या वाऱ्यात होतो. बॅटरी निम्मी होईपर्यंत थांबून चालत नाही, त्याआधीच परत फिरवावा लागतो.

आग

वाळलेलं गवत आणि ६ मिलिमीटरपेक्षा बारीक काडी तासाभरात हवेची ओल घेते किंवा सोडते. म्हणजे सकाळी आठला दवानं भिजलेलं गवत वारा सुटल्यावर दहाला पेट घ्यायच्या अवस्थेत असतं. २० टक्के आर्द्रतेच्या उन्हात गवतातली ओल ४-५ टक्क्यांवर येते. त्यावर ठिणगी पडली की ती विझत नाही.

मार्च २०२३ मध्ये सत्तरीच्या म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूला दिवसेंदिवस वणवे पेटत राहिले. नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी घेऊन लावावी लागली. आग कुठून लागली हा वेगळा प्रश्न. पसरली ती कोरड्या हवेत, अशा उभ्या चढांवर जिथं माणूस बादली घेऊन पोचू शकत नाही. भीमगड अभयारण्य आणि म्हादईचं जंगल एकमेकांना लागून आहेत. वाऱ्याला राज्याची हद्द नाही. कणकुंबीच्या बाजूला बांधावर लावलेली काडी वाऱ्याबरोबर खालच्या जंगलात जाऊ शकते.

उतारावरच्या आगीचा साधा नियम आहे: उतार दर १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग दुप्पट होतो. ज्वाळा वरच्या गवताला आधीच भाजून काढतात म्हणून. उतरताना आग तशीच मंदावते. यावरून जुनी रीत अशी की, डोंगरउतारावर जाळायचंच असेल तर वरून लावावं, म्हणजे ती हळूहळू खाली येते आणि ताब्यात राहते. वारा पडलेला असताना ही रीत बरोबर. पूर्वेचा उतरता वारा असताना ती धोक्याची, कारण वारा आगीला मागून ढकलत खाली नेतो आणि पेटती पानं पुढं फेकतो. मग खालून लावावी? तेही नाही. खालून लावली की उतार तिला वर ओढतो आणि वारा खाली दाबतो. दोघांत कोण जिंकेल हे प्रत्येक झोताला बदलतं. पश्चिमेच्या उतारावर पूर्वेचा वारा असताना सुरक्षित जाळायची कुठलीच बाजू नसते. तिथं वेळ निवडून उपयोग नाही, दिवसच दुसरा निवडावा लागतो.

आणि याहून वाईट क्षण दुपारी येतो. सकाळभर वारा पूर्वेचा, आग खाली पश्चिमेला सरकत असते, लोक तिच्या वरच्या बाजूला जळालेल्या कडेनं उभे राहून विझवत असतात. दोन-तीन वाजता खारा वारा पायथ्याशी पोचतो आणि चढाला लागतो. दिशा एकदम उलटते. आता वारा आणि चढ दोन्ही आगीच्या बाजूचे. जी बाजू आतापर्यंत शेपटी होती, तिथला न जळालेला प्रत्येक तुकडा आगीचं तोंड होतो आणि वर उभ्या माणसांकडं येतो. म्हणून घाटातला वणवा विझवताना एक माणूस फक्त वाऱ्यावर नजर ठेवायला असावा. पश्चिमेकडून पहिली थंड, ओलसर झुळूक लागली, धुराचा खांब क्षणभर सरळ उभा राहिला, की वरच्या माणसांनी लगेच बाजूला व्हायचं. बाजूला म्हणजे आडवं, वर-खाली न जाता त्याच उंचीवरून. वर पळायचं नाही. सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे पूर्ण जळून काळा झालेला पट्टा. ओढ्याच्या घळीत कधीही शिरू नये, ती धुराड्याचं काम करते. अंगावर सुती कपडे हवेत. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

तरव्यासाठी (भाताच्या रोपांसाठी) राब भाजण्याचा, म्हणजे पालापाचोळा पसरून जमीन भाजण्याचा, काळ नेमका याच महिन्यांत येतो. राब सपाटीवर असेल तर करता येतो, पण शिस्तीनं. आदल्या दिवशी राबाभोवती ३ मीटर रुंद पट्टा मातीपर्यंत साफ करावा. वाऱ्याच्या पुढच्या बाजूला, म्हणजे पूर्वेच्या वाऱ्यात पश्चिमेला, तो दुप्पट. सकाळी साडेसहाला, दव असतानाच सुरुवात. पेटवायचं ते पश्चिमेच्या कडेनं, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध पूर्वेकडं मागं सरकत जाते, ज्वाळा बुटक्या राहतात. चार-पाच मीटरांचा काळा पट्टा तयार झाला की मग दोन्ही बगला, आणि शेवटी पूर्वेची कड. पूर्वेकडून पहिली काडी लावायची सवय सोडावी: काम दहा मिनिटांत उरकतं खरं, पण ज्वाळा दोन पुरुष उंच जातात. राब एवढाच घ्यावा की आठ-सव्वाआठला संपेल. सोबत १६ लिटरचा पाठीवरचा फवारणी पंप भरून, ओली गोणपाटं आणि निदान तीन माणसं. वनखात्याच्या हद्दीला लागून जमीन असेल तर आधी त्यांना कळवणं भाग आहे; राखीव जंगलात आग लावणं किंवा जाऊ देणं हा कर्नाटक वन कायद्यानं गुन्हा आहे.

विझवण्यात सगळ्यात मोठी चूक म्हणजे निखाऱ्यांवर माती लोटून घरी जाणं. माती हवा पूर्ण तोडत नाही, आत खोडाची मुळी, शेणाची गोवरी, लाकडाचा ओंडका कित्येक दिवस धुमसत राहतो. बोल्डरजवळ ३० डिसेंबर २०२१ला उतरत्या वाऱ्यात जो वणवा पेटला त्यात एका दिवसात हजाराहून जास्त घरं जळाली. तपासात दोन मूळ ठिकाणं दाखवली गेली, एक म्हणजे वीजवाहिनीची सुटलेली तार, आणि दुसरं म्हणजे सहा दिवसांपूर्वी पेटवून मातीखाली दडपलेली आग, जिच्यावरची माती वाऱ्यानं उडवली. आपल्या शेकोट्यांचं, रानात केलेल्या स्वयंपाकाच्या चुलींचं तेच आहे. पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा ओता. मग हाताची मागची बाजू राखेजवळ धरा. ऊब लागली तर पुन्हा पाणी. ओंडका उलटून खालची बाजू बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत एक फेरी मारा, कारण वारा नऊनंतर सुटतो. तारेच्या बाबतीत आपल्या हातात एवढंच आहे की काजूबागेवरून जाणाऱ्या वाहिनीला ढिला झोळ आलाय, वाऱ्यात दोन तारा एकमेकींना लागताहेत किंवा फांदी टेकतेय असं दिसलं तर डिसेंबरातच लाइनमनला दाखवावं, आणि तारेखालचा तीन-चार मीटरांचा पट्टा गवत काढून मोकळा ठेवावा.

पिंजराची गंजी घराच्या किंवा गोठ्याच्या पूर्वेला रचू नये. पावसाळ्याच्या हिशोबानं ती तशीच रचली जाते, हे मला माहीत आहे. पश्चिमेचा मारा चुकवायचा असतो. पण भात झोडपून पिंजर रचलं जातं नोव्हेंबर-डिसेंबरात, आणि पुढचे चार महिने वारा पूर्वेचा आहे. गंजी उत्तर किंवा दक्षिणेला, घरापासून निदान १५ मीटरवर, आणि शक्य असेल तर एका मोठ्या गंजीऐवजी दोन, मध्ये अंतर सोडून.

काजू, आंबा आणि मसूर

काजूचा मोहोर डिसेंबर ते फेब्रुवारी, आंब्याचा त्याच्याच आसपास. कोरड्या वाऱ्यात फुलाची कुक्षी (परागकण झेलणारं टोक) लवकर वाळते, परागकण चिकटत नाही. बसलेली वाटाण्याएवढी फळं पाण्याच्या ताणानं गळतात. कड्याजवळच्या बागेत झाडाची पूर्वेची बाजू करपलेली आणि पश्चिमेची हिरवी दिसली तर तो रोग नाही, वारा आहे. त्यावर बुरशीनाशकाचे पैसे घालवू नयेत. ज्यांच्याकडं पाणी आहे त्यांनी मोठ्या काजूला पंधरवड्याला झाडामागं २०० लिटर जानेवारी ते मार्च द्यावं. आंब्याला पाणी मोहोर फुटताना देऊ नये, नाहीतर पालवी येते. फळं वाटाण्याएवढी झाली की पंधरा दिवसांच्या अंतरानं १५० ते २०० लिटर, तीन-चार वेळा. १ टक्का पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम १३:०:४५, वाटाणा आणि गोटी अवस्थेत फवारलं तर गळ कमी होते. फवारणी वारा सुटायच्या आत, सकाळी आठपर्यंत. नंतरचं अर्धं औषध शेजाऱ्याच्या बागेत जातं.

आळ्यात वाळलेल्या पाल्याचं आच्छादन ओल टिकवतं, पण आगीला तेच खाद्य आहे. यावर तोडगा म्हणजे १०-१५ सेंटीमीटर पाला पसरून वर दोन बोटं माती टाकायची, आणि बागेच्या पूर्व व पश्चिम दोन्ही कडांना साफ पट्टा ठेवायचा. पूर्व सकाळसाठी, पश्चिम दुपारच्या उलट्या वाऱ्यासाठी.

येळ्ळूर-वडगावच्या काळ्या शिवारात भातानंतरची मसूर आणि वाटाणा राहिलेल्या ओलीवर येतात. वारा लागून राहिला की जमीन फुटते आणि भेगांतून ओल निघून जाते. भेगा बोटभर व्हायच्या आत एक हलकी कोळपणी केली की वरचा भुसभुशीत थर खालची ओल धरतो. भाजीला तुषार सिंचन असेल तर ते पहाटे चार ते सातच्या दरम्यान चालवावं. दहानंतर फवारा एका बाजूला वाहून जातो आणि वाफे अर्धे कोरडे राहतात.

वारारोध लावायचा तर पूर्वेच्या बांधावर, दक्षिणोत्तर रांगेत. भिंत किंवा पत्रा आडवा लावून उपयोग होत नाही, वारा वरून उडी मारून मागं भोवरा करतो. निम्मा वारा गाळून जाऊ देणारी रांग हवी: खाली गिरिपुष्प, मागं बांबू किंवा सुरूची झाडं. अशी रांग आपल्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत चांगलं राखते. पाच मीटरांची रांग पन्नास मीटर रान. गिरिपुष्पाचे दीड मीटर लांबीचे काठ जूनच्या पहिल्या पावसात अर्ध्या मीटरावर खोचले तर दुसऱ्या हिवाळ्यात उपयोगाला येतात. मात्र ही रांग उतारावर पूर्ण बंद करू नये. रात्रीची थंड हवा खाली वाहून जायला सखल टोकाला दोन मीटरांची फट ठेवावी, नाहीतर ती हवा वाफ्यातच साचते आणि ढबू मिरचीची कोवळी रोपं गारठतात.

पत्र्याच्या शेडचं थोडक्यात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो: मीटर प्रति सेकंदातल्या वेगाचा वर्ग गुणिले ०.६. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे २० मीटर प्रति सेकंद, दाब २४० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला २४ किलोची उचल. पातळ पत्र्याचं वजन तेवढ्याच जागेत ४-५ किलो. कडेच्या ओळीला ही उचल दीड ते दोन पट असते. म्हणून कड्याच्या टोकावरच्या शेडला पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या पहिल्या ओळीत प्रत्येक नळीला जे-हुक मारावा, मधे एक सोडून एक चालतो. रबरी वायसर दर दोन-तीन वर्षांनी तपासावेत. उन्हानं ते चिरतात, हुक ढिला होतो, आणि पत्रा आधी रात्रभर खडखडतो. हा आवाज डिसेंबरात आला तर लगेच शिडी लावून हुक आवळावेत.